क्लबवर केस टाकायची, पण कोणाच्या नावाने? प्रातिनिधिक दावा म्हणजे काय, समजून घ्या

एका जिमखान्याची कल्पना करा. सभासद बाराशे. एक मोठं मैदान, बॅडमिंटनचा हॉल, छोटं कॅन्टीन. एके दिवशी सूचना फलकावर कागद लागतो: कार्यकारिणीने मैदान पाच वर्षांसाठी लग्नसमारंभांना भाड्याने दिलं आहे. सर्वसाधारण सभा झालेली नाही, निविदा निघालेली नाही. रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर दीडशे मेसेज पडतात आणि शेवटी कोणीतरी लिहितं, "आता क्लबवर केसच टाकू या."

खरी अडचण इथून सुरू होते. केस टाकायची कोणावर? 'क्लब' नावाचं कोणी कोर्टात उभं राहतं का? अध्यक्षांवर टाकायची, की कार्यकारिणीतल्या पंधराही जणांवर? की सगळ्याच सभासदांवर, ज्यात आपण स्वतःही आहोत? आणि एका सभासदाने दावा लावला आणि तो हरला, तर उरलेल्या ११९९ जणांचं काय?

या प्रश्नांसाठी भारतीय कायद्यात 'प्रातिनिधिक दावा' नावाची सोय आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधल्या आदेश १, नियम ८ मध्ये ती सांगितली आहे. वकिलांच्या बोलण्यात ती 'ऑर्डर वन रूल एट' म्हणून येते. ही सोय काय आहे, क्लब आणि त्याच्या कार्यकारिणीविरुद्ध ती कशी वापरतात आणि दाव्यात नाव नसलेल्या सभासदानेही तिच्याकडे लक्ष का ठेवायला हवं, ते पाहू.

थोडक्यात

- क्लबची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे, यावर दावा कोणाच्या नावाने आणि कुठे लावायचा ते ठरतं.
- अनेकांचं हित एकच असेल तर एक किंवा काही जण सर्वांच्या वतीने दावा लावू शकतात. त्यासाठी कोर्टाची परवानगी लागते.
- बाकीच्यांना नोटीस द्यावी लागते. तिचा खर्च दावा लावणाऱ्याने करायचा असतो.
- निकाल लागला की तो सर्वांना लागू होतो. कोर्टाची पायरी न चढलेल्या सभासदालाही.

कायद्याच्या नजरेत 'क्लब' कोण?

बोलताना आपण जिमखाना, मंडळ, क्रीडा संघ, रिक्रिएशन क्लब हे सगळं एकाच मापाने मोजतो. कायदा तसं मोजत नाही. साधारणपणे चार प्रकार दिसतात.

पहिला प्रकार नोंदणी नसलेल्या क्लबचा. दहा-वीस जण एकत्र आले, वर्गणी काढली, नाव ठेवलं आणि काम सुरू केलं. गल्लोगल्लीची अनेक मंडळं अशीच सुरू होतात. अशा क्लबला कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्व नसतं. तो म्हणजे त्याचे सभासद. म्हणून तो स्वतःच्या नावाने दावा लावू शकत नाही आणि नुसत्या त्याच्या नावावरही दावा लावता येत नाही.

दुसरा प्रकार संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदवलेल्या संस्थेचा. महाराष्ट्रात आणि गोव्यात याच जुन्या कायद्याखाली संस्था नोंदवल्या जातात. इतर काही राज्यांनी आपापले कायदे केले आहेत. बेळगावात कर्नाटकाचा १९६० चा कायदा लागू होतो, इंदूरमध्ये मध्य प्रदेशचा १९७३ चा.

तिसरा प्रकार कंपनी म्हणून नोंदवलेल्या क्लबचा. मुंबईचा क्रिकेट क्लब ऑफ इंडिया किंवा दिल्लीचा दिल्ली जिमखाना क्लब ही याची ठळक उदाहरणं. कंपनीला स्वतंत्र कायदेशीर व्यक्तिमत्त्व असतं. दावा थेट तिच्या नावावर लागतो.

चौथा प्रकार सहकारी संस्थेचा. गृहनिर्माण संस्थेच्या आवारातलं क्लबहाऊस बऱ्याचदा सोसायटीच चालवते. तिथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो. संस्थेचा कारभार, सभा, निवडणूक यांवरचे सभासदांचे वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयाकडे जातात, नेहमीच्या दिवाणी न्यायालयाकडे नाही.

आपला क्लब यातला कोणता, हे कळायला वर्गणीची पावती किंवा लेटरहेड पाहा. नोंदणी क्रमांक तिथे छापलेला असतो. महाराष्ट्रात पुष्कळ संस्थांना दोन क्रमांक असतात: एक संस्था नोंदणीचा आणि दुसरा 'एफ' या अक्षराने सुरू होणारा, सार्वजनिक न्यास म्हणून मिळालेला. हा 'एफ' महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे येऊ.

नोंदणीकृत संस्था: अध्यक्षांच्या नावाने दावा, वसुली संस्थेकडून

१८६० च्या कायद्याने संस्थेला कंपनीसारखं पूर्ण व्यक्तिमत्त्व दिलेलं नाही. इलाची देवी विरुद्ध जैन सोसायटी या २००३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. पण दाव्यांची सोय मात्र कायद्याने करून ठेवली आहे.

कलम ६ म्हणतं की संस्थेच्या वतीने किंवा संस्थेविरुद्ध दावा अध्यक्ष, मुख्य चिटणीस किंवा विश्वस्त यांच्या नावाने चालतो. नेमकं कोणाच्या, ते संस्थेच्या नियमावलीत लिहिलेलं असतं. नियमावली गप्प असेल तर कार्यकारिणीने त्या कामापुरता एखादा माणूस नेमायचा. कार्यकारिणीला विचारूनही तिने कोणाला नेमलं नाही, तर तक्रारदार सरळ अध्यक्ष किंवा चिटणिसाच्या नावाने दावा लावू शकतो. म्हणजे "आमच्यात जबाबदार कोणीच नाही" असं म्हणून संस्थेला सुटता येत नाही.

कलम ७ नुसार ज्याच्या नावाने दावा आहे तो पदाधिकारी वारला किंवा पदावरून गेला तरी दावा संपत नाही. त्याच्या जागी आलेल्याच्या नावाने तो पुढे चालतो.

कलम ८ पदाधिकाऱ्यांना धीर देणारं आहे. निकाल चिटणिसांच्या नावावर लागला, तरी त्याची वसुली चिटणिसांच्या घरादारातून होत नाही. ती संस्थेच्या मालमत्तेतून होते. समन्सवर आपलं नाव पाहून ज्या चिटणिसांची झोप उडते, त्यांनी हे कलम आधी वाचावं.

नोंदणी नसलेला क्लब: पैसे कोणाकडे मागायचे?

समजा, नोंदणी नसलेल्या मंडळाने मंडप डेकोरेटरकडून काम करून घेतलं आणि बिल थकवलं. मंडळाच्या नावावर दावा लागत नाही. सगळ्या तीनशे सभासदांना पक्षकार करायचं, तर नुसते समन्स बजावण्यातच वर्षं जातील.

इंग्लंडमधल्या क्लबांपुढे हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. १८३६ सालच्या फ्लेमिंग विरुद्ध हेक्टर खटल्यात क्लबला माल पुरवणाऱ्याने एका साध्या सभासदाकडे पैसे मागितले. कोर्टाने ते नाकारलं. सभासद क्लबात येतो तो ठरलेली वर्गणी भरून. कमिटीने उधारीवर माल उचलावा यासाठी त्याने संमती दिली, असं आपोआप धरता येत नाही. पुढे १९०३ मध्ये वाइज विरुद्ध पर्पेच्युअल ट्रस्टी कंपनी या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने तेच तत्त्व पक्कं केलं: नियमावलीत वेगळं काही नसेल तर सभासदाची देणेदारी वर्गणीपुरती. भारतीय न्यायालयंही क्लबांच्या वादात हे जुने निवाडे विचारात घेत आली आहेत.

मग उरतं कोण? ज्यांनी ऑर्डर दिली ते. म्हणजे डेकोरेटरशी बोलणी करणारे, कागदावर सही करणारे पदाधिकारी आणि त्याला मंजुरी देणारी कार्यकारिणी. नोंदणी नसलेल्या मंडळात पद घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं: इथे कलम ८ चं कवच नाही.

आणि जिथे सगळ्या सभासदांची जबाबदारी खरोखरच सारखी आहे, तिथे प्रातिनिधिक दाव्याची वाट आहे. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार यांना सर्व सभासदांचे प्रतिनिधी म्हणून प्रतिवादी करायची परवानगी कोर्टाकडे मागता येते. इंग्लंडमध्ये १९५३ च्या कॅम्पबेल विरुद्ध थॉम्प्सन खटल्यात असंच घडलं. क्लबची एक महिला सफाई कामगार क्लबात पडून जखमी झाली. कामावर ठेवणारे म्हणून सगळ्याच सभासदांची स्थिती सारखी होती. त्यामुळे क्लबच्या पदाधिकाऱ्यांना सर्वांच्या वतीने प्रतिवादी करायला कोर्टाने मुभा दिली.

प्रातिनिधिक दावा कसा चालतो?

या पद्धतीचं मूळ इंग्लंडच्या चान्सरी न्यायालयात आहे. वादात ज्यांचं हित आहे ते सगळे कोर्टापुढे हवेत, हा तिथला नियम. पण माणसं शेकडो असली की तो पाळणं अशक्य व्हायचं. म्हणून काहींना सर्वांच्या वतीने उभं राहू देण्याची प्रथा पडली. भारतात १८७७ च्या दिवाणी संहितेतल्या कलम ३० मध्ये ती आली आणि १९०८ च्या संहितेत आदेश १, नियम ८ म्हणून आजच्या जागी बसली. १९७६ च्या दुरुस्तीने नियम नव्याने लिहिला गेला.

टप्पे असे:

१. दाव्यातच स्पष्ट लिहिणं. मी फक्त स्वतःसाठी नाही, तर अमुक सर्व सभासदांच्या वतीने आलो आहे, असं दाव्यात लिहावं लागतं. त्या विषयात आपलं स्वतःचं हित आहे हेही दाखवावं लागतं. बाहेरचा माणूस क्लबच्या सभासदांचा कैवारी होऊ शकत नाही.

२. कोर्टाची परवानगी. दाव्यासोबत वेगळा अर्ज द्यायचा. सभासदांनी सह्या करून दिल्या, ग्रुपवर सर्वांनी अंगठे दाखवले, एवढ्याने कोणी प्रतिनिधी ठरत नाही. प्रतिनिधी कोर्ट ठरवतं.

३. नोटीस. ज्यांच्या वतीने दावा आहे त्या सर्वांना कोर्ट नोटीस देतं. शक्य असेल तर प्रत्येकाला, आणि संख्या फार असेल तर जाहीर नोटीस, बहुधा वर्तमानपत्रातून. खर्च वादीचा.

४. सामील होण्याचा हक्क. नोटीस वाचून कोणीही सभासद अर्ज करून दाव्यात पक्षकार होऊ शकतो. "हा माणूस माझ्या वतीने बोलतोय, पण माझं म्हणणं उलट आहे" असं सांगायचं असेल तर हीच वेळ.

५. परस्पर तडजोड नाही. वादीने दावा लावला, कार्यकारिणीने त्याला चहाला बोलावलं आणि प्रकरण तिथेच मिटलं, असं इथे चालत नाही. दावा मागे घ्यायचा, मागणीचा काही भाग सोडायचा किंवा तडजोड करायची तर आधी पुन्हा सर्वांना नोटीस द्यावी लागते. आदेश २३, नियम ३-ब नुसार तडजोडीला कोर्टाची परवानगीही लागते. ती नसेल तर तडजोड निरर्थक ठरते.

६. प्रतिनिधी बदलणं. दावा लावणारा किंवा लढवणारा ढिला पडला, तारखांना येईना, तर कोर्ट त्याच्या जागी त्याच हिताचा दुसरा माणूस आणू शकतं.

'समान हित' म्हणजे नेमकं काय?

सगळा डोलारा या दोन शब्दांवर उभा आहे. प्रत्येकाचं नुकसान अगदी सारखं असायला हवं का? नाही. १९७६ च्या दुरुस्तीने नियमाला जोडलेलं स्पष्टीकरण सांगतं की प्रत्येकाच्या दाव्याचं कारण एकच असण्याची गरज नाही. हित एक असलं की पुरे.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे तमिळनाडू गृहनिर्माण मंडळ विरुद्ध गणपती हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९० चा निकाल. मद्रासच्या अशोकनगरमधल्या घरांसाठी मंडळाने नंतर जादा रक्कम मागितली. एका रहिवाशाने सर्वांच्या वतीने दावा लावला. प्रत्येकाला वेगळी मागणी आली आहे, प्रत्येकाचा करार वेगळा आहे, मग एकच दावा कसा, असा मंडळाचा मुद्दा होता. कोर्टाने तो मानला नाही. जादा रक्कम मागण्याचा मंडळाला अधिकार आहे का, हा प्रश्न सर्वांसाठी एकच होता.

दुसरी बाजू २०२१ च्या ब्रिगेड एंटरप्रायझेस विरुद्ध अनिलकुमार विरमानी या निकालात दिसते. बंगळुरूच्या एका मोठ्या गृहप्रकल्पात ५१ फ्लॅटचे ९१ खरेदीदार हजाराहून अधिक फ्लॅटधारकांच्या वतीने ग्राहक आयोगात गेले. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की इतर सर्वांचं हित आपल्यासारखंच आहे हे तक्रारीत दाखवलेलंच नाही. तक्रार त्या ९१ जणांची संयुक्त तक्रार म्हणून चालली, सर्वांच्या वतीने नाही.

हे आपल्या जिमखान्याला लावून पाहा. 'सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय मैदान भाड्याने देता येतं का' हा प्रश्न सर्व सभासदांसाठी एक आहे. प्रातिनिधिक दाव्याला तो योग्य. पण ज्यांना त्या भाड्यातून हॉलचं नूतनीकरण हवं आहे, त्यांचं काय? त्यांचं हित वादीसारखं नाही. म्हणून दावा 'सर्व सभासदांच्या वतीने' न म्हणता 'या ठरावाला विरोध असलेल्या सभासदांच्या वतीने' लावणं अधिक सुरक्षित असतं, आणि ठरावाच्या बाजूच्या सभासदांचे प्रतिनिधी म्हणून कार्यकारिणी समोर उभी राहते.

निकाल कोणाला बांधतो?

नियम ८ चं सहावं पोटकलम सांगतं की प्रातिनिधिक दाव्याचा हुकूमनामा ज्यांच्या वतीने दावा चालला त्या सर्वांवर बंधनकारक असतो. कलम ११ चं सहावं स्पष्टीकरणही त्याच दिशेचं आहे: सामाईक हक्कासाठी प्रामाणिकपणे लढलेला वाद पुन्हा उकरता येत नाही.

याचा फायदा उघड आहे. एका सभासदाने जिंकलं की बाराशे जणांना बाराशे दावे लावावे लागत नाहीत. तोटाही तेवढाच मोठा आहे. वादीने दावा कसाबसा चालवला, पुरावे दिले नाहीत आणि हरला, तर उद्या तुम्ही चांगला वकील घेऊन तोच मुद्दा मांडायला गेलात तरी दार बंद असू शकतं.

म्हणूनच परवानगी आणि नोटीस या औपचारिकता नाहीत. १९३३ मध्ये कुमारवेलू चेट्टियार विरुद्ध रामस्वामी अय्यर या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की ही पद्धत पाळलेली नसेल, तर दाव्यात नसलेल्यांना निकाल बांधत नाही. त्याचप्रमाणे संगनमत करून लुटुपुटीचा दावा लढवला गेला असेल, तर तोही दाखवून देता येतो. पण ते सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. नोटीस आली तेव्हाच अर्ज करणं कितीतरी सोपं.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. निकाल बंधनकारक असणं आणि प्रत्येकाच्या खिशातून वसुली होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाव्यात ज्याचं नाव नाही अशा सभासदाच्या वैयक्तिक मालमत्तेवर पैशाच्या हुकूमनाम्याची साधारणपणे जप्ती येत नाही. वसुली सामाईक निधीतून आणि मालमत्तेतून होते.

कार्यकारिणीवर व्यक्तिशः दावा कधी?

रागाच्या भरात पंधराही जणांना नावानिशी प्रतिवादी करण्याचा मोह होतो. त्याने दावा मजबूत होत नाही. समन्स बजावणं लांबतं, आणि ज्यांचा संबंध नाही असे मानद काम करणारे लोक दुखावतात.

व्यक्तिशः नाव घालायचं ते तसं कारण असेल तर. एखाद्याने संस्थेचे पैसे स्वतःसाठी वापरले, अधिकार नसताना करार केला, किंवा संस्थेची कागदपत्रं अडवून ठेवली, तर त्याच्याविरुद्ध वेगळी मागणी करावी आणि त्याने काय केलं ते तारखेसह लिहावं. 'सर्व कार्यकारिणी भ्रष्ट आहे' या वाक्याला कोर्टात किंमत नाही.

१८६० च्या कायद्याचं कलम १० उलट्या बाजूने पाहण्यासारखं आहे. वर्गणी थकवणाऱ्या किंवा संस्थेची मालमत्ता अडकवून ठेवणाऱ्या सभासदावर संस्था दावा लावू शकते. पण तो सभासद जिंकला, तर खर्च तो संस्थेकडून किंवा ज्या पदाधिकाऱ्याच्या नावाने दावा लावला त्याच्याकडून मागू शकतो.

सभासदत्व रद्द केलं तर?

हा प्रातिनिधिक दाव्याचा विषय नाही. तुमचं सभासदत्व हा तुमचा वैयक्तिक हक्क. त्यासाठी स्वतःच्या नावाने दावा लावायचा.

इथे बेळगावच्या एका प्रकरणाचा दाखला आजही दिला जातो. टी. पी. डावर विरुद्ध लॉज व्हिक्टोरिया या फ्रीमेसन लॉजच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा आखून दिल्या. सभासद होताना माणूस नियमावली मान्य करतो. ती त्याच्या आणि संस्थेच्या दरम्यानचा करार असते. काढून टाकण्याचा अधिकार नियमावलीत असेल तरच वापरता येतो, आणि तो काटेकोरपणे नियमांप्रमाणेच. आरोप काय ते सांगणं आणि म्हणणं मांडायची संधी देणं आवश्यक. पण एवढं झालं असेल, तर निर्णय बरोबर होता की चूक, हे तपासायला कोर्ट अपिलात बसत नाही. त्या प्रकरणात काढून टाकलेले सभासद शेवटी हरले.

हाच संयम क्लबच्या अंतर्गत कारभाराबाबतही दिसतो. मद्रास रेस क्लबच्या नागप्पा चेट्टियार खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाने सांगितलं की बहुमताने चालणाऱ्या कारभारात कोर्ट सहसा हात घालत नाही. मात्र कृत्य नियमावलीच्या किंवा कायद्याच्या बाहेरचं असेल, किंवा सभासदाचा स्वतःचा हक्कच डावलला असेल, तर दार उघडं असतं. म्हणून कॅन्टीनचा वडा महाग झाला, यावर दावा टिकणार नाही. सभा न घेता घटना बदलली, यावर टिकू शकतो.

'एफ' क्रमांक असेल तर धर्मादाय आयुक्त

क्लब सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवलेला असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. मग काही वाद दिवाणी कोर्टात नेताच येत नाहीत. कलम ८० त्यांना अडवतं.

निवडणुकीनंतर नव्या कार्यकारिणीची नोंद कलम २२ खाली ९० दिवसांत 'बदल अहवाल' देऊन करावी लागते. सगळे त्याला 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. निवडणूक चुकीची झाली असं वाटत असेल तर तिथेच हरकत नोंदवायची. विश्वस्तांच्या गैरवर्तनासाठी कलम ४१-ड खाली त्यांना निलंबित करण्याचा, काढून टाकण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना आहे. आणि न्यासाच्या मालमत्तेच्या गैरव्यवहाराचा दावा लावायचा, तर हितसंबंध असलेल्या किमान दोन व्यक्तींनी कलम ५१ खाली आयुक्तांची लेखी संमती आधी घ्यावी लागते. ही संमती न घेता लावलेले दावे पहिल्याच पायरीवर अडखळतात.

क्लब कंपनी असेल तर

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४५ मध्ये सभासदांच्या सामूहिक कारवाईची तरतूद आहे. २०१६ पासून ती लागू झाली. अर्ज राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे करायचा. भागभांडवल नसलेल्या कंपनीत एकूण सभासदांपैकी किमान एक पंचमांश एकत्र यावे लागतात. बाराशे सभासद असतील तर २४०. गैरव्यवस्थापनाविरुद्ध कलम २४१ आणि २४२ हा आणखी एक मार्ग आहे.

दिल्ली जिमखान्याच्या प्रकरणात कलम २४१ खाली खुद्द केंद्र सरकार गेलं. २०२१ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने क्लबची समिती बाजूला करून प्रशासक नेमायला सांगितलं, तर २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने सरकारला समितीवर १५ जण नेमण्याची मुभा दिली. कारभाराचा वाद हाताबाहेर गेला की क्लब सभासदांच्याच हातातून कसा जाऊ शकतो, ते यात दिसतं.

"थेट हायकोर्टात रिट टाकू" हेही वारंवार ऐकू येतं. खासगी क्लबविरुद्ध ते सहसा चालत नाही. क्रिकेट नियामक मंडळाविरुद्ध रिट चालते, कारण ते सार्वजनिक स्वरूपाचं काम करतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ आणि २०१५ च्या निकालांत म्हटलं. तुमच्या गावच्या जिमखान्याचं तसं नाही.

दाव्याआधी काय करावं?

- नियमावली मिळवा. घटना, नोंदणी प्रमाणपत्र, मागच्या सभांची इतिवृत्तं आणि हिशेबांच्या प्रती लेखी अर्ज करून मागा. पोच घ्या.
- वर्गणी भरा. १८६० च्या कायद्यानुसार तीन महिन्यांहून अधिक थकबाकी असलेल्याला मतदानाचा हक्क राहत नाही आणि त्या कायद्याखालच्या कामकाजात तो सभासद म्हणून मोजला जात नाही. रागाने वर्गणी थांबवणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.
- आधी घरातला मार्ग. विशेष सर्वसाधारण सभा मागवण्याची तरतूद नियमावलीत असते. तिच्याप्रमाणे सह्या गोळा करा. सभा नाकारली, तर तो नकारच तुमचा पुरावा होतो.
- मुदत सांभाळा. ठराव बेकायदा असल्याचं जाहीर करून मागण्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते. पण मनाई हुकूम हवा असेल तर महिनेही थांबू नका. उशीर केला की कोर्ट विचारतं, इतकी घाई होती तर आधी का आला नाहीत?
- ग्रुपवर जपून लिहा. "ठराव नियमबाह्य आहे" म्हणणं वेगळं आणि खजिनदाराला "चोर" म्हणणं वेगळं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा गुन्हा आहे. तुमचे स्क्रीनशॉट समोरचाही जपून ठेवतो.
- वकिलाला कागद दाखवा. हा लेख दिशा दाखवतो. तुमच्या क्लबच्या नियमावलीतलं एखादं वाक्य सगळं गणित बदलू शकतं.

शेवटी

आपल्या त्या जिमखान्यात समजा दोघा सभासदांनी दावा लावला, कोर्टाने परवानगी दिली आणि एका सकाळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, वधू-वर जाहिरातींच्या शेजारी, बारीक टायपात जाहीर नोटीस छापून आली. क्लबचं नाव, दाव्याचा क्रमांक, हजर राहण्याची तारीख. बाराशेपैकी किती जण ती वाचतील?

ती वाचा. कापून ठेवा, फोटो काढून ग्रुपवर टाका. दावा कोणी लावला, मागणी काय आहे, ते विचारा. पटत असेल तर वादींना कागदपत्रांची मदत करा. पटत नसेल तर पक्षकार होण्याचा अर्ज करा. कारण त्या दिवसापासून कोर्टात तुमच्या वतीने कोणीतरी बोलतो आहे, आणि तो जे कमावेल किंवा गमावेल, ते तुमचंही असणार आहे.